शरयूवहिनीची फ्रेंच पद्धत

"हौशी होती हो बाई!"

शरयूवहिनी गेली त्या दिवशी सकाळी साडेआठला ठाण्याच्या हॉस्पिटलातून निखिलचा फोन आला, "काकू, आई गेली." दुपारी तिला घरी आणेपर्यंत हे वाक्य मी निदान सहा जणींच्या तोंडून ऐकलं. निखिल तिचा मुलगा आणि मी तिची धाकटी जाऊ. कोपरला एका जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन फ्लॅट समोरासमोर आहेत आणि गेली तीस-बत्तीस वर्षं दोन्हींची दारं दिवसभर उघडी असतात. जावेवर कुणी लेख लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. जावा भांडतात एवढंच लोकांना ठाऊक. आम्हीही भांडलो, कडाकडा भांडलो. पण 'हौशी' हा शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यात गेला तो अजून उतरलेला नाही. पडदे बदलते, टेबलावर फुलं ठेवते, दिव्याला शेड लावते म्हणजे हौशी. कौतुक करायचं आणि हसून सोडून द्यायचं. आज दीड महिना झाला. आता मला सांगायचंच आहे की ती हौस नव्हती.

तिसऱ्या दिवशी गावाहून बापूकाका आले. ते माझे चुलत सासरे, वयानं आता घरात सगळ्यांत मोठे. हॉलमधल्या मोठ्या टेबलाकडे त्यांनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तेराव्याला तरी आपल्या पद्धतीनं होऊ द्या. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. शरयूचं जे काय होतं ते शरयूबरोबर गेलं." मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि आत गेले. पण पुढचे दहा दिवस मला तेवढं एकच छळत राहिलं. या घरात बायका सगळ्यांबरोबर जेवायला बसतात, हे तिनं चालू केलेलं. ती गेली म्हणून ते मोडणार का? आणि मोडू द्यायचं नसेल तर बोलणार कोण? कारण बोलण्याचं काम कायम तिचं. मी मागे उभी राहून मान हलवणारी.

आता मुळापासून सांगते. वहिनी ठाण्याजवळ कोलशेतला एका फ्रेंच रसायन कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. मोठ्या साहेबांची बायको कंपनीच्या बंगल्यात, खाडीच्या बाजूला राहायची. तिला सगळे मादाम म्हणत. मादामला बाजारात सोबत हवी असायची, म्हणून शनिवारी अर्धा दिवस वहिनीला त्या कामावर धाडत. दोघींचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे दोघींचं छान जमलं. कल्याणच्या भाजीबाजारात मादाम मेथीच्या जुड्या नाकाशी धरून वास घेत चालायची आणि भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पहिल्यांदा बंगल्यात जाताना वहिनीला वाटलेलं, झुंबरं असतील, गालिचे असतील. आत बघते तर काय... खुर्ची तीन वेगवेगळ्या कापडांनी शिवलेली, टेबल बिनपॉलिशचं, रोजच्या ताटल्यांचे टवके उडालेले. भिंतीवर टाइल्स नाहीत की चित्रं नाहीत, नुसता राखाडीकडे झुकणारा निळा रंग. खिडकीसमोर एक मोठा आरसा आणि जॅमच्या रिकाम्या बाटलीत कुंपणावरची रानफुलं. तरीही त्या खोलीतून पाय निघेना, असं ती सांगायची. तिनं मादामला विचारलं, पाहुण्यांच्या वेगळ्या कपबश्या कुठे ठेवता? मादामला प्रश्नच कळेना. वहिनीनं तो तीन प्रकारे विचारून पाहिला. शेवटी मादाम म्हणाली, "पण इथे तर आम्ही राहतो!"

आमच्याकडे तेव्हा शोकेस होतं. सगळ्यांकडेच असायचं. त्यात बोन चायनाचा सेट, जो सासूबाईंनी वीस वर्षांत कुणाच्या ओठाला लागू दिला नव्हता. सोफ्यावरचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच, उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं. नवी चादर पाहुण्यांसाठी, जुनी आपल्यासाठी. चांगला टॉवेल कपाटात, विरलेला अंगाला. त्या शनिवारी वहिनी घरी आली, पर्स ठेवली, शोकेस उघडलं आणि त्या कपांत घरच्या सगळ्यांचा चहा गाळला. दुसऱ्या आठवड्यात एक बशी फुटलीच. सासूबाई, म्हणजे आई, हळहळल्या. वहिनी म्हणाली, "आई, वीस वर्षं कपाटात होती, तेव्हा तरी काय जिवंत होती ती?" आईंनी तिच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हिचं काही खरं नाही.

मी त्याच वर्षी लग्न होऊन आले होते, आणि खरं सांगायचं तर मला ही सगळी नाटकं वाटायची. प्लास्टिक फाडून टाकलं, ट्यूबलाइट काढून तीन कोपऱ्यांत तीन दिवे लावले. आमचे सासरे, अण्णा, त्या संध्याकाळी दारातूनच म्हणाले, "लाइट गेलेत काय गं?" मग भिंत रंगवायची निघाली. वहिनीनं मादामच्या भिंतीच्याच रंगाच्या एका फुटक्या ताटलीचा तुकडा आणला होता, नेमका तसाच रंग हवा म्हणून. रंगारी डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, ये तो दवाखाने का कलर है. लोग पूछेंगे डॉक्टर कब बैठते हैं." वहिनी म्हणाली, "त्यांना सांगा, सकाळ-संध्याकाळ!" आणि रंग तोच लागला. आईंच्या दोन विरलेल्या इरकली लुगड्यांचे पडदे झाले. लुगड्याचं पोतेरं होणार होतं ते खिडकीत गेलं, आणि दुपारच्या उन्हात ते काठ असे काही दिसायचे की आई भाजी निवडायची परात घेऊन तिथेच बसायला लागल्या. कौतुक मात्र केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "इथे वारा बरा लागतो."

चुकाही भरपूर झाल्या, त्या का लपवू? मादामसारखा खिडकीसमोर आरसा हवा म्हणून तिनं कल्याणहून भला मोठा आरसा आणला. मादामच्या खिडकीबाहेर खाडी होती, झाडं होती. आमच्या खिडकीबाहेर पलीकडच्या बिल्डिंगीच्या दोऱ्या. त्यामुळे त्यांचे परकर-बनियन आमच्या हॉलमध्ये दोन-दोनदा दिसायला लागले. सगळ्यांत जास्त हसली ती वहिनीच. आठवडाभर आरसा घेऊन घरभर फिरली आणि गॅलरीच्या बाजूला असा तिरका लावला की त्यात फक्त आभाळ यायचं आणि आमची तुळस. मला म्हणाली, "मंगल, त्यांचं घर आणून इथे ठेवायचं नाहीये गं मला. आपलंच नीट राहायचंय."

आणि मग ते टेबल आलं. कल्याणला जुनी दारं-खिडक्या विकणाऱ्याकडून तिनं सागवानी दाराची दोन फळकुटं घेतली आणि सुताराकडून त्यांचं आठ माणसांचं टेबल करून घेतलं. ते जिन्यातून वर जाईना. दोरखंड बांधून गॅलरीतून चढवलं, खाली अर्धी गल्ली मान वर करून उभी, प्रत्येकजण सूचना देतोय. हॉलमध्ये टेबल की टेबलात हॉल, असं झालं. बसायला सोफा उरला नाही. दादा, म्हणजे वहिनीचे मिस्टर, स्वभावानं अबोल. ते म्हणाले, "आता आलेला माणूस बसणार कुठे?" वहिनी म्हणाली, "जेवायला."

आता इथे मला त्या काळातलं आमचं जेवण सांगायला हवं. अण्णांना पोळी तव्यावरची लागायची. तव्यावरून थेट ताटात, फुगलेली. दादा आणि माझा नवरा त्यांच्याबरोबर बसत. म्हणजे एक सून तव्यापाशी, दुसरी वाढायला. पुरुष उठले की छोटा निखिल. मग आम्ही दोघी, ओट्याखाली पाट टाकून. आणि आई सगळ्यांच्या नंतर. त्या पातेलं खरवडून घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडे करून भराभर उरकायच्या, काहीतरी लपवायचं असल्यासारख्या. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. मी माहेरी कल्याणलाही हेच बघितलेलं, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. हे वाक्य लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

टेबल आल्यावर वहिनीनं आधी घोळच घातला. मादामकडे म्हणे एकेक पदार्थ वेगवेगळा येतो. म्हणून एका रविवारी तिनं सगळ्यांसमोर नुसती काकडीची कोशिंबीर ठेवली. अण्णांनी ती खाल्ली, वाट पाहिली, मग पाणी प्यायले, ताटातच हात धुतला आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर आईंना विचारतात, "आज काय आहे हो? एकादशी?" आत डाळीची आमटी उकळत होती, भरल्या वांग्यांचा वास सुटला होता, आणि मी पदर तोंडात कोंबून हसत होते. वहिनीचा चेहरा पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती आवडली.

पुढच्या रविवारी तिनं सगळं बदललं. पोळ्या आधीच करून, धुतलेल्या कपड्यात गुंडाळून डब्यात. भात, आमटी, भाज्या सगळं टेबलाच्या मधोमध. ताटं सात. अण्णा खुर्चीत बसले आणि वाट बघू लागले. वहिनी माझा हात धरून मला घेऊन आली, बसवलं, स्वतः बसली. मग आईंना हाक मारली. आई येईनात. अण्णा म्हणाले, "शरयू, पोळ्या गार होतील." आणि वहिनी एकदम शांतपणे म्हणाली, "अण्णा, फ्रान्समध्ये अशीच पद्धत आहे. आमच्या मोठ्या साहेबांकडे मादाम बसल्याशिवाय साहेब चमच्याला हात लावत नाहीत. सगळे एकदम. घरातली बाई उभी असताना जेवणं तिकडे फार गावंढळ समजतात."

अण्णा उभा जन्म मुंबईला सरकारी कचेरीत हेडक्लार्क. साहेब या शब्दापुढे त्यांचा विरोध मावळायचा. सुनेचं ऐकणं कमीपणाचं, पण फ्रान्सच्या साहेबाची रीत पाळण्यात प्रतिष्ठा होती. त्यांनी घसा खाकरला आणि आत बघून म्हणाले, "अहो, या. बसा बघू. असं उभं राहणं बरं दिसत नाही." आई आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या, अर्ध्या वळून, कुणी हाक मारली तर उठता यावं म्हणून. दोन घास खाल्ले आणि थांबल्या. वहिनीला विचारतात, "आमटीत आज काय घातलंस गं? चव वेगळीच लागतेय."

"काही नाही, आई. तुमचीच आमटी आहे. गरम आहे, एवढंच."

आईंनी मान खाली घालून सगळी आमटी संपवली, आणि वाटी पुढे करून आणखी मागितली. चाळीस वर्षं ती आमटी करत होत्या त्या. कुणी या बाईला हौशी म्हणालं की मला ती पुढे केलेली वाटी आठवते आणि माझं डोकं फिरतं.

पुढे अण्णा बिल्डिंगभर सांगत सुटले, "आमच्याकडे फ्रेंच पद्धत असते." खालच्या मजल्यावरचे लोक हसायचे, नातेवाईक नावं ठेवायचे. लग्नकार्यांत बायका कुजबुजायच्या, शरयूच्या घरी सासूसुना पुरुषांच्या मांडीला मांडी लावून जेवतात म्हणे. वहिनी त्यांना घरी बोलवायची. टेबलावर इस्त्री केलेला सुती कपडा असायचा, लोणच्याच्या बरणीत तगरीची फुलं, टीव्ही बंद, घाई नाही. जेवणं तासभर चालायची. वरणभात, एक भाजी, चटणी, यापलीकडे फारसं काही नसायचं. पण माणूस तिथून उठताना तृप्त होऊन उठायचा. काही बायका घरी जाऊन आपलं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणायच्या. काहींच्या नवऱ्यांनी ते परत भिंतीला लावलं, तेही मला माहीत आहे. कुणीतरी एकदा विचारलं, "पॅरिसला जायचं नाही का तुम्हाला?" म्हणाली, "कशाला? जेवायला तर मी इथेच बसते."

आई गेल्या, मग अण्णा गेले. मादाम तर कधीच परत गेली होती. वहिनी रिटायर झाली, निखिल नोकरीसाठी ठाण्याला राहायला गेला. आमचं टेबल चालूच होतं. आणि मग या वर्षी साधा खोकला झाला, त्याचा न्यूमोनिया झाला, आणि आठ दिवसांत सगळं आवरलं.

जाण्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी तिच्यापाशी होते. बोलायची इच्छा दिसत होती, म्हणून मी उगाच विषय काढला, "वहिनी, ती मादाम आता असेल का गं? अजून साहेबांच्या आधी बसत असेल जेवायला?"

तिनं मास्क बाजूला केला. "कोण, मादाम? अगं, ती कुठली बसतेय! साहेबांना दोन वाजता गरम लागायचं. ते जेवायचे, नोकर वाढायचा. ही ओट्यापाशी उभ्यानं पाव खायची. कित्येकदा बघितलंय मी."

"मग अण्णांना सांगितलेलं ते?"

"माझंच." ती हसायला लागली, हसता हसता खोकली, नर्स धावत आली आणि मला ओरडली. नर्सची पाठ वळल्यावर वहिनीनं पुन्हा मास्क हलवला. "माझं ऐकलं असतं का त्यांनी? फ्रान्सचं ऐकलं... रंग मादामचा, गं. बसणं माझं."

तीस वर्षं ज्या पद्धतीला आम्ही फ्रेंच म्हणत होतो ती कोपरच्या तिसऱ्या मजल्यावर तयार झाली होती. मला हसूही आलं आणि रडूही. आणि राग आला तो याचा, की घरातल्या बाईला स्वतःच्या ताटावर बसायला असा परदेशी दाखला काढावा लागला.

तेराव्याला उदकशांत झाली, नैवेद्य झाला. चाळीसेक माणसं होती आणि दोन्ही घरं मिळून एका वेळी बावीस पानं बसत होती. म्हणजे दोन पंगती होणारच होत्या. बापूकाका पुढे आले. "चला, पुरुषांची पानं घ्या."

मागे वळून बघितलं, तर बोलणारी नव्हती. मग मी म्हणाले, "काका, पानं घेतली आहेत. पहाटेपासून ज्या रांधतायत त्या आधी बसतील. म्हातारी माणसं बसतील, पोरं बसतील. तुमचंही पान घेतलंय."

"बायकांच्या पंगतीला?"

"सगळ्यांच्या."

"अगं, तिच्या दिवसाला तरी हे थेर नकोत. फ्रान्स-बिन्स पुरे झालं आता."

"फ्रान्सचं नाहीच आहे ते. आमचं आहे."

काका हसले. "बरं. आणि सगळ्या बसल्यात तर वाढणार कोण?"

हा विचार मी केलाच नव्हता. दहा दिवस मनात भांडण घोकत होते आणि वाढणार कोण, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी उभी. मग कोपऱ्यातून दादा उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारे. त्यांनी वरणाचं भांडं उचललं आणि म्हणाले, "मी वाढतो. मंगल, बस तू."

दादांनी जन्मात पंगत वाढली नव्हती. मीठ नाही, लिंबू नाही, भातही नाही, त्यांनी थेट वरणच वाढायला घेतलं आणि ते पानांवरून ओघळत खाली गेलं. कुणी हसलं नाही, कुणी चूक दाखवली नाही. निखिल भात घेऊन त्यांच्या मागून धावला. पानावर वरण आधी, मग त्यावर भात. बापूकाकांनी चपला घातल्या आणि न जेवता निघून गेले. माझा नवरा त्यांच्यामागे रिक्षापर्यंत गेला. मी गेले नाही. माझे डोळे वाहत होते, पहिला घास काही केल्या गिळला जाईना. पण गरम होता.

काका अजून बोलत नाहीत. नातेवाइकांत चर्चा आहे की शरयू गेली ती गेली, धाकटीला बिघडवून गेली. असेल. मला ते मान्य आहे. एवढ्या उशिरा का होईना, बिघडले.

दिवस झाल्यावर कुणीतरी सुचवलं की टेबलावरच्या भिंतीला तिचा फोटो लावा, चंदनाचा हार घाला आणि तिची खुर्ची रिकामी ठेवा. मी निखिलला सांगितलं, फोटो आपल्या अल्बममध्ये राहील आणि खुर्ची बसायला असते. रविवारी निखिलची बायको तिथे बसते, इतर दिवशी मी. पहिल्या दिवशी फार अवघड गेलं. बसले तेव्हा मला वाटत होतं की तिनं ही जागा पंख्यासाठी निवडली असेल, किंवा उजेडासाठी. पण तसं नाही. त्या एका खुर्चीवरून समोरासमोरच्या दोन्ही दारांतून आरपार दिसतं. तिचाही ओटा दिसतो, माझाही. इतकी वर्षं मी शेजारच्या खुर्चीत बसले आणि मला कधी कळलं नाही की ती जेवताना सारखी मान वळवून बघते काय.

आता मी बघते. ओट्यापाशी कुणी उभी दिसली की हाक मारते, आणि ती येऊन बसेपर्यंत घासाला हात लावत नाही.